शिरोडकरांची दुसरी शस्त्रक्रिया

प्रसूतिगृहाच्या बाकावर बसलेल्या बायकांत ‘टाका घातलाय’ एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ निसटून जाणाऱ्या बाईच्या गर्भाशयाचं तोंड बांधून ठेवणारा हा टाका. केसपेपरवर डॉक्टर त्यापुढे एक आडनाव लिहितात: शिरोडकर. इथल्याइतकंच ते परदेशातल्या पाठ्यपुस्तकांतही ओळखीचं आहे. गोव्या-कोकणातलं आडनाव जगाच्या वैद्यकात इतकं रुजल्याची उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकीच असतील.

विठ्ठल नागेश शिरोडकर १८९९ मध्ये गोव्यातल्या शिरोडा गावी जन्मले, आणि शाळा शिकले हुबळीत. मराठी वाचकाला हुबळी-धारवाड म्हटलं की गंगूबाई हनगल आठवतात, मल्लिकार्जुन मन्सूर आठवतात, जी. ए. कुलकर्णी आठवतात, पेढा तर आठवतोच. शिरोडकर कुणाला आठवत नाहीत. तसं गोव्याहून हुबळीला येणं त्या काळी फार वेगळं नव्हतं. मुरगावहून निघालेली रेल्वे १८८० च्या दशकाच्या अखेरीस कॅसलरॉकचा घाट चढून लोंढ्याकडे पोचली होती. पुढे सदर्न मराठा रेल्वे धारवाड-हुबळीला नेत होती. हुबळी म्हणजे कापसाची पेठ आणि रेल्वेचा कारखाना. १८९८ च्या प्लेगात हाफकिनची लस गावच्या गाव टोचून पाहिली गेली ती इथेच. पण डॉक्टर व्हायचं तर मुंबई गाठल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, कारण धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि इलाख्याच्या त्या भागात वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. शिरोडकर ग्रँट मेडिकल कॉलेजात गेले, १९२३ मध्ये एम.बी.बी.एस. झाले, १९२७ मध्ये एम.डी., आणि १९३१ मध्ये इंग्लंडहून एफ.आर.सी.एस. घेऊन परतले. १९५५ साली त्यांनी टाक्याची पद्धत ‘अँटिसेप्टिक’ या नियतकालिकात छापली आणि नाव झालं. १९६० मध्ये पद्मभूषण, १९७१ मध्ये पद्मविभूषण. त्याच १९७१ साली ते वारले.

हे सगळं सहज सापडतं. त्यांची दुसरी शस्त्रक्रिया मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांच्या बाहेर फारशी कुणाला ठाऊक नाही. ती आहे अंग बाहेर येण्यावरची.

अंग बाहेर येणं हे दुखणं जितकं गर्भाशयाचं तितकंच लघवीच्या पिशवीचं. मूत्राशय गर्भाशयाच्या पुढच्या बाजूला, योनीच्या पुढच्या भिंतीवर टेकलेलं असतं. खालच्या स्नायूंचा आणि पडद्यांचा आधार ढिला पडला की गर्भाशय उतरतं आणि मूत्राशयालाही ओढून खाली आणतं. बाई लघवीला बसते, पण पिशवी पुरती रिकामी होत नाही, कारण पिशवीचा तळच तिच्या तोंडाखाली गेलेला असतो. पाच मिनिटांत पुन्हा लागते. साठून राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि जळजळ सुरू होते. कित्येकजणी बोटांनी अंग वर ढकलून धरतात, तेव्हा कुठे धार सुटते. हे त्या आपणहून सांगत नाहीत. कंबर दुखते, थकवा येतो, अंगावरून पांढरं जातं, असं सांगत सांगत तिसऱ्या-चौथ्या खेपेला, तेही डॉक्टरीण एकटी असेल आणि सासू बाहेर बसलेली असेल तर, खरी गोष्ट निघते.

दुखणं जुनं, आणि उपायही जुने. ग्रीक वैद्य डाळिंब आत बसवत. आयुर्वेदाने वीस योनिव्यापद, म्हणजे योनीचे विकार, सांगितले, त्यांत जागा सोडणाऱ्या अवयवाचीही नोंद आहे, आणि तुपातेलाने भिजवलेला पिचू, म्हणजे कापसाचा बोळा, त्यावर सांगितला आहे. खेडोपाडी कापडाचा बोळा. दवाखान्यात पुढे रबराची रिंग आली, जी आजही शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या म्हातारीला बसवतात. या सगळ्यांनी अंग आत राहतं, बरं होत नाही.

इंग्लंडमध्ये १८८८ पासून मँचेस्टरच्या आर्चिबाल्ड डोनाल्डची शस्त्रक्रिया होती आणि फॉदरगिलने ती सुधारली होती. तिच्यात गर्भाशयाचं लांबलेलं तोंड कापून टाकत. चाळिशी उलटलेल्या, चार मुलं झालेल्या बाईला ते चालायचं. नाहीतर सरळ गर्भाशय काढून टाकायचं. पण भारतातल्या सर्जनसमोर वेगळीच रुग्ण येऊन बसायची: वीस-बावीस वर्षांची, एक बाळंतपण झालेली, कधी तेही नाही. तिला अजून मूल हवं असायचं. तोंड कापलं तर पुढचा गर्भ टिकेल याची खात्री नाही, आणि गर्भाशय काढलं तर संसारच उधळायचा.

म्हणून शिरोडकरांनी गर्भाशय न कापता ते बांधून वर टांगलं. पोट उघडायचं, गर्भाशयाच्या मानेला मागून एक पट्टी शिवायची आणि तिचं दुसरं टोक माकडहाडाच्या वर, जिथे कमरेचा कणा पुढे डोकावतो, त्या हाडावरच्या आवरणाला अडकवायचं. पट्टी पुढे मर्सिलीन नावाच्या पॉलिएस्टरची वापरली जाऊ लागली. सांगायला सोपं, करायला अवघड. डाव्या बाजूला मोठं आतडं वाटेत येतं. पट्टीने ते आवळलं जाऊ नये म्हणून कमरेच्या सोअस स्नायूतून वळसा घालावा लागतो. बाजूलाच मूत्रवाहिनी आणि मोठ्या रक्तवाहिन्या. त्यामुळे मुंबईच्याच पुरंदरे यांनी निराळी वाट काढली. त्यांनी पोटाच्या स्नायूंवरच्या आवरणाच्या दोन पट्ट्या सोडवल्या आणि त्याच गर्भाशयाच्या मानेला पुढून शिवल्या. बाई खोकली, कुंथली की पोट आवळतं, आणि पोटाबरोबर गर्भाशयही वर खेचलं जातं. यानंतर खन्ना आले, जोशी आले, विरकुड आले. तरुण बाईचं अंग वर बांधण्याच्या शस्त्रक्रियांची यादी भारतीय पाठ्यपुस्तकात वाचली की निम्मी मुंबईची आडनावं भेटतात. मराठी मुलखात ही विद्या इतकी का फोफावली याचं उत्तर अभिमानाचं नाही: रुग्ण भरपूर होत्या, आणि कोवळ्या होत्या.

त्या कोवळेपणावर १८९० च्या सुमारास मोठा वाद झाला होता, आणि त्यात मूत्राशयाची एक भयंकर जखम मुद्दा म्हणून अप्रत्यक्षपणे हजर होती. कमरेची हाडं पुरती वाढायच्या आत मुलगी गरोदर राहिली की बाळाचं डोकं अडकतं. एक दिवस, दोन दिवस, कधी तीन. त्या वेळात मूत्राशयाची भिंत एकीकडे बाळाचं डोकं आणि दुसरीकडे जांघेचं हाड यांच्यामध्ये चिरडली जाते. रक्त पोचत नाही. मूल बहुतेक वेळा मेलेलं जन्मतं. आई वाचली तर आठ-दहा दिवसांत मेलेला भाग गळून पडतो आणि मूत्राशयाला भोक पडतं. मग लघवी थांबतच नाही. रात्री नाही, दिवसा नाही. अंथरूण ओलं, मांड्या सोललेल्या, आणि वास. नवरा दुसरी करतो, माहेरची माणसं गोठ्याशेजारी जागा देतात. डॉक्टर याला फिस्टुला म्हणतात.

१८९० मध्ये हिंदुस्थानात काम करणाऱ्या ५५ स्त्री-डॉक्टरांनी, डॉ. मोनेल मॅन्सेल यांच्या पुढाकाराने, व्हाइसरॉयकडे अर्ज केला. बालवधूंच्या शरीराचे काय हाल होतात याची आपल्या दवाखान्यांतली उदाहरणं त्यांनी त्यात दिली होती, आणि शरीरसंबंधाचं संमतिवय १४ करा अशी मागणी होती. सरकारने १८९१ मध्ये ते १० वरून १२ वर नेलं. एवढ्यावरही पुण्यात रान पेटलं. टिळक विरोधात उभे राहिले. त्या वादात धर्म होता, परकं सरकार होतं, घराण्याची अब्रू होती. ज्या अवयवावर परिणाम होत होता त्याचं नाव मराठी सभेत कुणी उच्चारल्याचं दिसत नाही, आणि उच्चारता आलंही नसतं. मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ व्हायला १९२९ चा सारडा कायदा यावा लागला.

फिस्टुला शिवण्याची विद्याही दुसऱ्या कुणाच्या अंगावर शिकली गेली होती. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी गावी जे. मॅरियन सिम्स याने १८४० च्या दशकात गुलाम स्त्रियांवर पुन्हा पुन्हा प्रयोग केले, गुंगीच्या औषधाशिवाय. अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी या तिघींची नावं उरली आहेत. अनार्कावर तीसच्या आसपास शस्त्रक्रिया झाल्या. १८४९ मध्ये चांदीच्या तारेने घातलेले टाके धरले, १८५२ मध्ये त्याने पद्धत छापली आणि जग त्याला स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणू लागलं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा २०१८ मध्ये हलवला गेला. पण त्याने बनवलेलं बदकाच्या चोचीसारखं स्पेक्युलम कुठे हललेलं नाही. स्त्रीरोगाच्या ओपीडीतल्या ट्रेमध्ये, उकळून काढलेल्या हत्यारांत ते असतंच, आणि सिस्टर ‘सिम्स दे’ म्हणते तेव्हा तो माणूस होता हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

मग हुबळीकडच्या बाईने जायचं कुठे? मिशनचे दवाखाने होते. मिरजेत विल्यम वॉनलेस या अमेरिकन मिशनच्या डॉक्टरने १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं, आणि लोंढा-बेळगाव-मिरज ही रेल्वे असल्यामुळे उत्तर कर्नाटकातले रुग्ण मिरजेला जाऊ लागले. मुंबईत १८८६ पासून कामा हॉस्पिटल होतं, फक्त स्त्रियांसाठी, स्त्री-डॉक्टरांच्या हाती. पण सतत गळणाऱ्या बाईने रेल्वेच्या डब्यात कसं बसावं, कुणाच्या सोबतीने जावं, तिकिटाचे पैसे कुणाकडे मागावेत, हे प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधीचे होते. फिस्टुला शिवल्यावर दोन-तीन आठवडे मूत्राशयात नळी ठेवून पडून राहावं लागतं. तेवढे दिवस घर सोडण्याची मुभा ज्या बाईला आहे, तिला मुळात फिस्टुला होण्याचीच शक्यता कमी, असं म्हटलं तर ते कडू वाटेल, पण चूक ठरणार नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, हुबळीत कर्नाटक मेडिकल कॉलेज निघालं, जे पुढे किम्स झालं. गदग, हावेरी, कोप्पळ, बागलकोट, कारवारकडचे रुग्ण तिथे येऊ लागले. बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ चं. राज्य पुनर्रचनेबद्दल सीमाभागात मराठी माणसाचं मन अजून दुखतं ते दुखतंच. पण हुबळीच्या बाईपुरतं पाहिलं तर या बदलानंतर तिला अवघड बाळंतपणासाठी मिरज किंवा मुंबई गाठण्याची गरज उरली नाही.

आणि फिस्टुला ओसरला तो मुख्यतः शस्त्रक्रियेने नाहीच. तो ओसरला अडलेली बाई वेळेत टेबलावर येऊ लागली म्हणून, सिझेरियन होऊ लागलं म्हणून. धारवाडकडे सुईणीला सूलगित्ती म्हणतात. या बायकांना नावं ठेवण्याची डॉक्टरांत पद्धत आहे. ती सरसकट योग्य नाही. तुमकूर जिल्ह्यातल्या सूलगित्ती नरसम्मांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली ती हजारो सुखरूप बाळंतपणांसाठी. पण अडलेलं डोकं हाताने सुटत नाही, आणि सूलगित्तीकडे दुसरं काही नव्हतं. २००५ ची जननी सुरक्षा योजना आणि त्यानंतर रस्त्यावर आलेली १०८ रुग्णवाहिका यांनी दोन-तीन दिवस अडून पडण्याचा तो काळ काही तासांवर आणला.

त्याच वेळी दवाखान्याच्या दारातून दुसरं दुखणं आत आलं. गर्भाशय काढताना मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला इजा होऊन झालेला फिस्टुला आता डॉक्टर अधिक पाहतात. गर्भाशय काढण्याचं प्रमाण कुठे आणि कुणात वाढलं तेही लपलेलं नाही. कलबुर्गी जिल्ह्यातल्या लंबाणी तांड्यांवर तरुण बायकांची गर्भाशयं सर्रास काढल्याच्या तक्रारींवरून आंदोलनं झाली. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची तीच कहाणी बाहेर आली आणि महाराष्ट्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. शिरोडकर-पुरंदऱ्यांनी ज्या वयाच्या बाईचं गर्भाशय वाचवायला पट्ट्या शिवल्या, त्याच वयाच्या बाईला पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय एवढ्यावरून ते काढून टाकायला सांगितलं गेलं. या उलट्या प्रवासाचा राग यायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

शिरोडकरांचा टाका गाजला आणि पट्टी मागे पडली याला वैद्यकीय कारण आहेच. टाका पंधरा मिनिटांचा, पट्टीला हातखंडा सर्जन लागतो. मेलबर्नच्या इयन मॅकडॉनल्डने १९५७ मध्ये टाका आणखी सोपा केला, मग तो तालुक्यापर्यंत पोचला. पण दुसरंही एक कारण दिसतं. टाक्याने मूल मिळतं. मुलासाठी सासर खर्च करतं, रजा काढून नवरा सोबत येतो, देवाला नवस बोलला जातो. पट्टीने फक्त बाईला सुखाने लघवीला जाता येतं.

डॉ. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा एक ना एक विकार होता. त्याआधी कधी तरी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ टक्के. त्यापूर्वी ग्रामीण भारतातली बाई सरकारी कागदात यायची ती गरोदर असताना किंवा पाळणा लांबवताना. गर्भपिशवीला नोंद होती, लघवीच्या पिशवीला नव्हती.

साध्या विकारांचंही तसंच. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची, पुरुषाची त्याच्या चौपट-पाचपट, म्हणून जंतू बाईच्या मूत्राशयात लवकर पोचतात. घरात त्याला उन्हाळे लागले म्हणतात आणि धने-जिऱ्याचं पाणी, खडीसाखर, सब्जा देतात. त्यात गैर काही नाही, पाणी पोटात जातं हा फायदाच. पण थंडी वाजून ताप आला की जंतू मूत्रपिंडाकडे निघालेले असतात आणि धन्याचं पाणी तिथे पुरत नाही. १९५३ पासून वापरात असलेलं नायट्रोफ्युरँटोइन हे स्वस्त औषध मधल्या काळात भारी अँटिबायोटिक्सनी मागे सारलं होतं. जंतू त्या भारी औषधांना दाद देईनात, तेव्हा डॉक्टर पुन्हा जुन्याकडे वळले. खोकताना, हसताना लघवी निसटण्यावर तर अमेरिकेच्या अर्नोल्ड केगेलने १९४८ मध्येच स्नायू आवळण्याचा व्यायाम सांगितला होता. पैसा लागत नाही, तीन महिने नेमाने करावा लागतो. १९९६ मध्ये स्वीडनच्या उल्फ उल्म्स्टेनने मूत्रनलिकेखाली बारीक जाळीची पट्टी बसवायची युक्ती काढली आणि अर्ध्या तासाची शस्त्रक्रिया आली. त्याच जाळीचे मोठे तुकडे अंग बाहेर येण्यावर योनीतून बसवायला सुरुवात झाली तेव्हा मात्र गोंधळ उडाला. जाळ्या टोचू लागल्या, बाहेर डोकावू लागल्या, खटले भरले गेले, आणि २०१९ मध्ये अमेरिकेने त्यांची विक्री थांबवली. पोटातून, माकडहाडाच्या वरच्या त्याच जागी पट्टी टांगण्याची रीत टिकून आहे, आता दुर्बिणीने.

हुबळी-धारवाडात या विकारांची एक वाट दवाखान्यात नव्हे, नळावर सुरू होते. मलप्रभेचं पाणी या जुळ्या शहरात वर्षानुवर्षं काही दिवसांआड येत आलं आहे, उन्हाळ्यात आठवडाही जातो. पाणी आलं की घरातल्या बायका टाक्या, पिंपं, कळशा, बादल्या भरतात आणि वरच्या मजल्यावर नेतात, बाळंतपणाला दोन महिने झालेली सूनसुद्धा. भरलेली कळशी कमरेवर घेऊन जिना चढणं हा ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवरचा मोठा भार. साठवलेलं पाणी पुरवायचं म्हणून कमी प्यायचं, बाहेर निघायचं तर मुळीच नाही, कारण बाजारात बाईला जायला जागा नाही. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ची मोहीम निघाली ती याच कारणाने.

२००८ मध्ये हुबळी-धारवाडच्या काही वॉर्डांत, शहराच्या साधारण दहाव्या हिश्शाला, चोवीस तास पाणी देऊन पाहिलं गेलं. भारतातल्या एवढ्या मोठ्या शहरात असा प्रयोग तेव्हा नवाच होता, म्हणून परदेशी विद्यापीठातले संशोधक आले. त्यांनी चोवीस तास पाण्याची आणि जुन्या वेळापत्रकाची घरं शेजारी ठेवून पाहिली. आरोग्याची मुख्य मोजणी होती पाच वर्षांखालच्या मुलांच्या हगवणीची. रक्ताची हगवण नव्या वॉर्डांत कमी निघाली. मुलाची आई दिवसात किती वेळा लघवीला जाते, कळशी उचलताना तिची लघवी निसटते का, हा प्रश्न त्या मोजणीत नव्हता. जुन्या वेळापत्रकाच्या गल्ल्यांत पाण्याच्या दिवशी बाईने घर सोडायचं नाही हा नियम होताच, आणि किम्सच्या ओपीडीची तारीख त्या दिवशी आली तर ती पुढे ढकलावी लागे.